छायाचित्र आणि हायकू : जपानी बागेचा धडा

विद्यार्थी मित्रहो, दोन सुंदर वस्तू शेजारी ठेविल्या म्हणजे त्यांचे सौंदर्य आपोआप दुणावते, असा पुष्कळांचा समज असतो. एखाद्या बागेत जावे, तेथील तळ्याचे छायाचित्र घ्यावे, त्याखाली तीन ओळींची कविता लिहावी, आणि छायाचित्रकला व काव्यकला यांचा संगम झाला असे समजावे, ही रीत अलीकडे फार रूढ झाली आहे. परंतु अशा जोड्या तपासून पाहिल्या तर बहुधा निराशाच पदरी पडते. चित्रात कमळ असते आणि कवितेतही कमळच असते. चित्र सांगते, "येथे कमळ आहे," आणि कविता मान डोलावून म्हणते, "होय, येथे कमळ आहे." एकच वर्दी दोनदा दिल्याने तिचे महत्त्व वाढत नाही, ऐकणाराच कंटाळतो.

मग या दोन कला एकत्र नांदतात तरी कशा? या प्रश्नाचे उत्तर काव्यशास्त्राच्या ग्रंथांत शोधण्यापेक्षा जपानी बागेत शोधावे, असे मला वाटते. हायकू आणि ती बाग ही एकाच संस्कृतीची अपत्ये असून, 'काय दाखवावे' याइतकाच 'काय दाखवू नये' याचाही विचार दोघींत केलेला आहे. छायाचित्रकाराने व कवीने तेथून नेमके काय घ्यावे, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

हायकूचे स्वरूप

प्रथम हायकूची ओळख करून घेऊ. हा जपानी काव्यप्रकार जगातील अत्यंत लहान काव्यप्रकारांपैकी एक होय. त्यात एकंदर १७ ध्वनी असतात व ते ५, ७ आणि ५ अशा तीन भागांत विभागलेले असतात. येथे 'अक्षर' न म्हणता 'ध्वनी' म्हटले, त्यास कारण आहे. जपानी कान दीर्घ स्वराचे दोन ध्वनी मोजतो. जपानच्या राजधानीचे नाव जपानी माणूस 'तोक्यो' असे दोन्ही स्वर लांबवून उच्चारतो, तेव्हा आपल्यास ऐकू येतात ती दोन अक्षरे. पण तो मोजतो चार. आपल्या व्याकरणात गुरूच्या दोन मात्रा धरितात, तसलाच हा प्रकार आहे. म्हणजे हायकूची गणना आपल्या अक्षरगणवृत्तांपेक्षा मात्रावृत्तांस अधिक जवळची आहे. यास्तव मराठीत सतरा अक्षरे जुळविली म्हणजे जपानी हायकू तंतोतंत साधला, असे मानण्याचे कारण नाही. शिस्त म्हणून ती मोजणी उपयोगी आहे, इतकेच.

संख्येपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, ऋतूची खूण. परंपरागत हायकूत ऋतू सुचविणारा एक शब्द असतो. बेडूक म्हटले की वसंत, आणि नुसता चंद्र म्हटला की शरद, असे संकेत तेथे शतकानुशतके ठरून गेले आहेत व त्यांचे कोशही झालेले आहेत. आपल्याकडे पळस म्हटल्यावर फाल्गुन, मृगाचा किडा म्हटल्यावर पहिला पाऊस आणि हुरडा म्हटल्यावर थंडीतील शेत डोळ्यांपुढे उभे राहते, तसेच हे आहे. दुसरी गोष्ट म्हणजे तोड. हायकूत एके ठिकाणी वाक्य तुटते. त्यासाठी जपानी भाषेत 'या', 'काना', 'केरी' यांसारखे खास शब्द आहेत. मराठीत ते काम आपण आडव्या रेघेकडून किंवा ओळीच्या मांडणीकडून करून घेतो. तोडीच्या अलीकडे एक वस्तू आणि पलीकडे दुसरी. मधला ओढा वाचकाने स्वतः ओलांडावयाचा असतो. कवी पूल बांधून देत नाही.

हा प्रकार मुळात स्वतंत्र नव्हता. अनेक कवी मिळून जी साखळीकविता रचीत, तिच्या पहिल्या कडव्यास विशेष मान असे. मात्सुओ बाशो (१६४४-१६९४) याने त्या कडव्यास गांभीर्य व खोली दिली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकी (१८६७-१९०२) याने ते साखळीतून सोडवून स्वतंत्र कविता म्हणून उभे केले व 'हायकू' हे नाव रूढ केले. रवींद्रनाथ टागोर १९१६ साली जपानात गेले होते. त्या प्रवासावरील आपल्या बंगाली पुस्तकात त्यांनी बाशोच्या कवितेचा परिचय करून दिला. मराठीत मात्र हायकू खऱ्या अर्थाने रुजविला तो कवयित्री शिरीष पै (१९२९-२०१७) यांनी, १९७० नंतरच्या दशकात. त्यांच्यामुळे तीन ओळींची ही कविता मराठी वाचकांच्या घरची झाली.

बाग काय शिकविते

आता बागेकडे वळू. क्योतो शहरात र्योआन-जी नावाचे बौद्ध मंदिर आहे. १४५० साली त्याची स्थापना झाली. तेथील दगडांची बाग जगप्रसिद्ध आहे. सुमारे २५ मीटर लांब व १० मीटर रुंद अशा आयताकृती जागेत पांढरी खडी पसरलेली असून तीत १५ दगड पाच गटांनी बसविलेले आहेत. दगडांच्या पायथ्याशी थोडे शेवाळ. त्यावाचून हिरवे असे काही नाही. पाणी नाही, फूल नाही, पायवाट नाही. पाहणाऱ्याने मंदिराच्या ओसरीवर बसून पाहावयाचे. आणि गंमत अशी की, त्या ओसरीवर कोठेही बसले तरी पंधरापैकी एक तरी दगड दुसऱ्याआड लपतो. जागा बदलली तर लपलेला दिसू लागतो आणि दिसणारा लपतो.

हा पहिला धडा होय. सर्व काही एका दृष्टीत सामावून दाखविण्याचा हट्ट या बागेने सोडून दिला आहे. जो दगड दिसत नाही, तो 'आहे' हे पाहणाऱ्यास ठाऊक असते, आणि त्यामुळेच त्याचे मन बागेत गुंतून राहते.

दुसरा धडा उसन्या देखाव्याचा. जपानी भाषेत यास 'शाक्केई' म्हणतात. बागेच्या कुंपणापलीकडचा डोंगर, वृक्षराजी किंवा मनोरा यांस बागेच्या रचनेत सामावून घ्यावयाचे, ही ती युक्ती. क्योतोच्या एन्त्सू-जी मंदिराच्या बागेत दूरचा हिएई पर्वत असा घेतलेला आहे. ओकायामा येथील कोराकुएन बागेत आसाही नदीपलीकडचा किल्ला व मिसाओची टेकडी हीही बागेचाच भाग होऊन बसली आहेत. डोंगर बागेच्या मालकीचा नसतो, तरी त्यावाचून बाग पुरी होत नाही. कवितेतील तीन ओळींनाही छायाचित्राच्या चौकटीबाहेरचे असे काही उसने आणता येते. ते कसे, हे पुढे पाहू.

तिसरा धडा पायवाटेचा. चहाच्या विधीसाठी जे लहान घर असते, त्याकडे जाणारी वाट सुट्या दगडांची असते. हे दगड मुद्दाम खालीवर व लहानमोठे बसवितात. चालणाऱ्यास पायांकडे पाहत, सावकाश जावे लागते. मध्येच एखादा रुंद दगड येतो. तेथे पाय स्थिर होतात, मान वर होते, आणि नेमके तेव्हाच समोर झाडांच्या फटीतून दिवा किंवा पाणी दिसते. पाहणाऱ्याची नजर कोठे थांबावी, याचा विचार माळ्याने आधीच केलेला असतो. त्याच वाटेवर कधी मुठीएवढा दगड काळ्या सुंभाने बांधून ठेविलेला आढळतो. त्याचा अर्थ, 'या बाजूस जाऊ नये.' पाटी नाही, तार नाही, धाक नाही. एका दगडाने आपले म्हणणे सांगितले. इतक्या थोडक्यात बोलणारा लेखक विरळाच.

बागेची ही विद्या फार जुनी आहे. 'साकुतेइकी' नावाचा उद्यानरचनेवरील ग्रंथ अकराव्या शतकातील आहे. दगड कसा बसवावा हे सांगताना त्यात दगडाच्या स्वतःच्या कलाकडे लक्ष देण्याचा उपदेश आहे. माळ्याने आपली इच्छा दगडावर लादू नये. दगड जे मागतो, ते जाणून पुढचा दगड ठेवावा. छायाचित्र घेणाऱ्याने आणि कविता लिहिणाऱ्यानेही हा उपदेश गाठीस बांधावा.

आपल्यास क्योतोस जाणे घडेल न घडेल. परंतु पुण्यास सिंहगड रस्त्यावर जपानी धर्तीची एक बाग आहे. ओकायामाच्या वर सांगितलेल्या कोराकुएन बागेवरून स्फूर्ती घेऊन, पुणे व ओकायामा यांच्या मैत्रीची खूण म्हणून ती तयार झाली व २००६ साली लोकांसाठी खुली झाली. तिला पु. ल. देशपांडे यांचे नाव दिलेले आहे. त्यांनी 'पूर्वरंग' या प्रवासवर्णनात जपानविषयी मोठ्या आपुलकीने लिहिले असल्यामुळे हे नाव विशेष शोभते. मूळ कोराकुएन बाग इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये आरंभिली व १७०० मध्ये ती पुरी झाली. १९३४ च्या पुराने आणि १९४५ च्या बाँबवर्षावाने तिची मोठी हानी झाली. परंतु जुनी चित्रे जपून ठेविलेली होती, म्हणून त्यांच्या आधाराने ती पुन्हा पूर्ववत उभारता आली. चित्राने बागेचे ऋण असे फेडले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

चित्र आणि कविता : जुनी सोयरीक

चित्र व हायकू यांची जोडी काही आजची नाही. जपानात 'हाइगा' नावाचा एक चित्रप्रकार आहे. कुंचल्याच्या चार फटकाऱ्यांत काढलेले साधे चित्र आणि त्याच कागदावर, त्याच शाईने लिहिलेला हायकू, असे त्याचे रूप असते. योसा बुसोन (१७१६-१७८४) हा या प्रकारातील श्रेष्ठ पुरुष. तो जितका मोठा कवी, तितकाच मोठा चित्रकार होता. बाशोने १६८९ साली उत्तरेकडील दूरच्या प्रांतांत पायी प्रवास केला व त्यावर गद्य आणि कविता एकत्र गुंफून एक लहानसे पुस्तक लिहिले. बुसोनने ते पुस्तक स्वहस्ते लिहून काढून त्यात आपली चित्रे घातली. उत्तम हाइगामध्ये चित्र हे कवितेची नक्कल करीत नाही. कवितेत चंद्र असेल तर चित्रात कदाचित नुसते गवत असेल. दोन शेजारी जसे कुंपणावरून बोलतात, तशी ती दोघे बोलतात. एकमेकांच्या घरात घुसत नाहीत.

पुढे कॅमेरा आला. जपानी माणसाने घेतलेले व आज शिल्लक असलेले सर्वांत जुने छायाचित्र १८५७ सालचे असून ते शिमाझु नारिआकिरा या सरदाराचे आहे. छायाचित्रास जपानी भाषेत 'शाशिन' म्हणतात. 'शा' म्हणजे उतरवून घेणे, 'शिन' म्हणजे सत्य. आणि शिकीने हायकूसाठी जे तत्त्व पुढे मांडिले, त्याचे नाव 'शासेई'. तोच 'शा', आणि 'सेई' म्हणजे जीवन. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या चित्रकारांच्या सहवासात शिकीस हे सुचले. ठराविक अलंकार व जुन्या कल्पना उगाळीत बसण्यापेक्षा, समोरची वस्तू जशी आहे तशी पाहून उतरवून घ्यावी, असे त्याचे म्हणणे. कॅमेरा सत्य उतरवितो, कवी जीवन उतरवितो, असे या दोन शब्दांवरून म्हणता येईल.

शिकीच्या आयुष्याची हकीकत येथे सांगणे अवश्य आहे, कारण या विषयाचे मर्म तीत आहे. त्यास क्षयरोग जडला होता व तो पाठीच्या कण्यात शिरला. अखेरची काही वर्षे तो तोक्यो शहरातील आपल्या लहान घरात अंथरुणास खिळून होता. घरामागे एक छोटीशी बाग होती. जपानी घरांच्या सरकत्या दारांना कागद लाविलेला असे. थंडीत दार लावले की बाग दिसेनाशी होई. १८९९ च्या डिसेंबरात त्याचा शिष्य ताकाहामा क्योशी याने त्या खोलीच्या दारांस काचा बसवून दिल्या. तेव्हापासून शिकी बिछान्यावर पडल्या पडल्या बाग पाहू लागला. त्याने १९०२ साली वृत्तपत्रात क्रमशः लिहिलेल्या टिपणांचे नाव 'सहा फुटी रुग्णशय्या' अशा अर्थाचे आहे. त्याचे जग तेवढेच उरले होते. पण त्या काचेतून त्यास ऋतू दिसत होते. बागेत घोसाळ्याचा वेल होता. घोसाळ्याच्या वेलाचे पाणी कफावर औषध म्हणून तेथे देत. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्याने जे शेवटचे तीन हायकू लिहिले, ते या घोसाळ्यावरच. १९ सप्टेंबर १९०२ रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, तो वारला.

काचेचे तावदान म्हणजे एक चौकटच नव्हे काय? आपल्या हातातील कॅमेरा जी चौकट देतो, ती शिकीला मिळालेल्या चौकटीपेक्षा लहान नाही. उणे असेल ते आपल्या पाहण्यात.

मुख्य नियम

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. छायाचित्र व हायकू यांची जोडी कोणत्या नियमाने जुळवावी? माझ्या मते नियम एकच आहे : चित्रात जे दिसते, ते कवितेने पुन्हा सांगू नये, चित्रात जे मावत नाही, ते आणावे. चित्र आणि कविता यांमध्ये एक अंतर असावे. खडीतील दोन दगडांमध्ये असते तसे ते रिकामे, पण अर्थाने भरलेले असावे. अंतर फार पडले तर दोन्हींचा संबंध तुटतो. अगदीच नसले तर कविता ही चित्राची पाटी बनते.

चित्रात न मावणाऱ्या गोष्टी तीन प्रकारच्या सांगता येतील. पहिली, काळ. छायाचित्र एका क्षणाचे असते. त्याच्या आधीचा व नंतरचा क्षण ते दाखवीत नाही. दुसरी, इतर इंद्रियांची जाणीव : आवाज, वास, गारवा, ओलावा. तिसरी, चौकटीबाहेरचे माणूस किंवा वस्तू, म्हणजेच उसना देखावा. उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. पुढील ओळी नमुन्यादाखल मीच रचिल्या आहेत. काव्यगुणापेक्षा त्यांतील युक्तीकडे लक्ष द्यावे.

समजा, छायाचित्रात एक लहान लाकडी पूल आहे आणि स्थिर पाण्यात त्याचे प्रतिबिंब पडले आहे. पुष्कळ विद्यार्थी त्याखाली असे काही लिहितील :

शांत जळात
लाकडी पुलाचे ते
बिंब सुंदर

अक्षरे बरोबर पाच-सात-पाच आहेत. परंतु कविता नाही. पूल दिसतोच आहे, पाणी शांत आहे हेही दिसते, आणि 'सुंदर' हा निकाल वाचकाने द्यावयाचा, तो कवीने आधीच देऊन टाकला. आता त्याच चित्राखाली हे ठेवून पाहा :

मासा वळला—
पूल मोडला, पुन्हा
जुळून आला

चित्रात मासा नाही. पाणीही हलत नाही. परंतु हे वाचून चित्राकडे पुन्हा पाहिले म्हणजे वाटते, की ही शांतता नुकतीच मोडून जुळलेली आहे. चित्रात न मावलेला काळ कवितेने पुरविला. आता चित्र व कविता यांस एकमेकांची गरज आहे. नुसती कविता वाचणाऱ्यास पूल कसा मोडला हे कळावयाचे नाही. नुसते चित्र पाहणाऱ्यास मासा दिसावयाचा नाही.

दुसरे उदाहरण कोरड्या बागेचे. छायाचित्रात पांढऱ्या खडीवर दाताळ्याने ओढलेल्या समांतर रेषा आहेत. माणूस कोठेही नाही. कविता अशी :

खडीच्या लाटा—
माळ्याची पावलेही
त्यांत मिटली

दाताळे ओढणारा माळी मागे मागे सरकत जातो व आपल्याच पाऊलखुणा पुसून टाकतो. ज्याच्या श्रमाने ती बाग घडली, त्याचा मागमूस चित्रात नाही. कवितेने चौकटीबाहेरचे माणूस आत आणिले. चित्र थंड होते, त्यास आता ऊब आली.

तिसरे उदाहरण बागेतले नाही; आपल्या शाळेच्या आवाराचे आहे, कारण हा धडा जपानातच चालतो असे नव्हे. छायाचित्रात पहाटेच्या ओल्या मातीवर पारिजातकाची फुले पडलेली आहेत. बाकी काही नाही. त्याखाली :

घंटा वाजली—
आजही शिपायाने
झाडले नाही

फुलांचा उल्लेखसुद्धा नाही. ती चित्रात आहेतच. ऋतूची खूणही कवितेत नाही. ती जबाबदारी चित्राने उचलली. कवितेने घंटेचा आवाज आणिला आणि एका माणसाच्या मनातील हळवेपणा न बोलता सुचविला. 'फुलांवर त्याची माया होती' असे लिहिले असते, तर सर्व रसच गेला असता.

अभ्यासाची रीत

ज्यांस हा अभ्यास करावयाचा आहे, त्यांच्यासाठी काही सूचना देतो.

बागेत गेल्यावर प्रथम वीस मिनिटे कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. एका जागी बसावे. काय दिसते, काय ऐकू येते, कशाचा वास येतो, याची वहीत साध्या शब्दांत नोंद करावी. विशेषणे लिहू नयेत. नामे व क्रियापदे लिहावी. 'रम्य सकाळ' यापेक्षा 'दगडावर दोन मुंग्या, एक परतली' ही नोंद शंभरपट उपयोगी आहे.

नंतर छायाचित्रे घ्यावी, पण पाचांहून अधिक नको. पूर्वी कॅमेऱ्यात छत्तीस चित्रांची फिल्म घालीत व प्रत्येक चित्रास पैसे पडत. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी मनुष्य विचार करी. आज मोबाईल फोनमध्ये हजारो चित्रे फुकट मावतात. म्हणून मर्यादा आता आपणच आपल्यावर घालून घेतली पाहिजे.

प्रकाशाकडे लक्ष द्यावे. खडीवरील रेषा टिपावयाच्या तर सकाळचे किंवा सायंकाळचे तिरपे ऊन हवे. दुपारी त्या दिसेनाशा होतात. शेवाळ व ओले दगड यांस मात्र ढगाळ हवा, विशेषतः पाऊस पडून गेल्यानंतरची, उत्तम. कडक उन्हात त्यांचा रंग उडतो. कॅमेऱ्याचे यंत्र समोरचा देखावा मध्यम उजेडाचा आहे असे गृहीत धरून चालते. त्यामुळे पांढरी खडी करडी उमटते व काळोखे शेवाळ फिके पडते. खडीसाठी उजेड थोडा वाढवावा, शेवाळासाठी थोडा कमी करावा. ही सोय मोबाईलच्या कॅमेऱ्यातही असते. ओसरीवरून पाहावयाची बाग बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरूनच टिपावी; उभे राहून घेतले तर जमीन फार दिसते व दगडांची उंची हरपते.

चौकटीत काय घ्यावे यापेक्षा काय वगळावे, हे आधी ठरवावे. छायाचित्रकार इशिमोतो यासुहिरो (१९२१-२०१२) याने क्योतोच्या कात्सुरा राजवाड्याची व बागेची छायाचित्रे १९५३-५४ साली घेतली व ती १९६० साली पुस्तकरूपाने निघाली. ती कृष्णधवल आहेत. रंग वजा झाल्यावर दगड, शेवाळ व सावली यांचे परस्परसंबंध किती उठून दिसतात, हे त्यांवरून शिकण्यासारखे आहे.

घरी आल्यावर एकच चित्र निवडावे. मग वही उघडावी व त्या चित्रात जे उतरले नाही, ते नोंदींतून शोधावे. त्यातूनच हायकू लिहावा. 'सुंदर', 'शांत', 'मनोहर' हे शब्द आले तर खोडावे. उपमा आली तर ती खरेच हवी काय, असे विचारावे. शेवटी एक कसोटी लावावी : चित्र झाकून कविता वाचावी, मग कविता झाकून चित्र पाहावे. दोन्ही एकटीही काही बोलतात, पण एकत्र आल्यावर काही तिसरेच बोलतात, असे वाटले तर काम साधले. कविता झाकल्याने काहीच उणे पडत नसेल, तर ती कविता काढून टाकावी. चित्रास तिची गरज नव्हती.

आणि एक सूचना सभ्यतेची. बाग ही अनेकांची असते. चित्रासाठी फांदी वाकवू नये, फूल तोडून दगडावर मांडू नये, शेवाळावर पाय देऊ नये. जी वस्तू आपण तेथे ठेविली, तिचे चित्र 'शाशिन' होत नाही. सत्य उतरवून घेतल्याचा तो देखावा होतो.

उपसंहार

कोणी विचारील, इतका खटाटोप कशासाठी? परीक्षेत यावर प्रश्न यावयाचा नाही आणि यातून कोणास उपजीविकाही मिळावयाची नाही. त्यास उत्तर असे की, यात चित्र व कविता ही निमित्ते आहेत. खरा अभ्यास लक्ष देण्याचा आहे. आज आपण जितके टिपतो तितके पाहत नाही. सहलीहून परत आलेल्या मुलाजवळ तीनशे छायाचित्रे असतात, आणि तेथे कोणता पक्षी बोलत होता असे विचारले तर तो गप्प बसतो. ज्यास वस्तूकडे लक्ष देता येत नाही, त्यास पुढे माणसाकडेही लक्ष देता येत नाही. वर्गातील मागच्या बाकावरील अबोल सोबती, घरातील थकलेली आई, रोज आवार झाडणारा शिपाई, हे सारे त्याच्या चौकटीबाहेरच राहतात.

रानातील फुले कशी वाढतात ते पाहा, असे प्रभूने आपल्या शिष्यांस सांगितले, तेव्हा ते चिंतेने ग्रासलेले होते. अशा माणसांस त्याने प्रथम पाहावयास लाविले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखले जाणारे आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक हेही असेच पाहणारे होते. पाहणे ही भक्तीची पहिली पायरी आहे, असे मला वाटते. आणि ज्यांचा धर्म निराळा आहे, त्यांसही हे म्हणणे परके वाटू नये.

म्हणून, विद्यार्थी मित्रहो, जपान दूर आहे, चांगला कॅमेरा नाही, पुण्याच्या बागेस जाण्यास सुट्टी नाही, असल्या सबबी सांगू नका. शिकीजवळ एक खिडकी आणि एक घोसाळ्याचा वेल होता. तुमच्या घरामागेही वेल असेल. येत्या रविवारी त्यासमोर वीस मिनिटे बसा, एक चित्र घ्या, तीन ओळी लिहा, आणि त्या चित्रात नसलेला तो पंधरावा दगड तुम्हांस दिसतो काय, हे पाहा.